जरिनाचाचीच्या चपला

कुपवाडच्या कारखान्यांमागे जी वस्ती आहे, तिथे एखाद्या घराच्या दारात जरिनाचाचीच्या चपला दिसल्या की जाणारी-येणारी माणसं आवाज खाली घेत. पाळीला निघालेला मोटारसायकलवाला पाय टेकून थांबे आणि शेजारच्याला नुसती मान उडवून विचारी, कोण? चाची उगाच कुणाकडे जात नसे. वस्तीतली एखादी बाई गेली की तिला बोलावणं येई. मशिदीतून लाकडी तख्त येई, चुलीवर पाण्याचं पातेलं चढे, त्यात बोरीचा पाला पडे आणि दार लावून घेऊन चाची त्या बाईला शेवटची आंघोळ घाली. त्याला गुसल म्हणतात. मग कफन नेसवून ती बाहेर येई, हात धुई, आणि कुणाशी न बोलता घरी जाई.

हे काम तिला सासूकडून आलं. जरिनाचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, औंधजवळच्या एका खेड्यातलं. वडील कल्हई करत गावोगाव फिरायचे. लग्न होऊन ती कुपवाडला आली ती शमशेरच्या घरात. शमशेर लेथ मशीनवर कामाला होता, आणि त्याची आई वस्तीतल्या बायकांना गुसल द्यायची. सुनेला पहिल्यांदा सोबत नेलं तेव्हा सासूनं तिला पाणी कसं घालायचं, चादरीखालून हात कसा फिरवायचा, अंग उघडं कसं पडू द्यायचं नाही ते दाखवलं. आणि परत येताना वाटेत म्हणाली, "तख्तावर जे दिसलं ते तख्तावरच ठेवून यायचं. मयताला जीभ नसती पोरी. म्हणून आपणबी आपली गिळायची."

जरिनानं ती गिळली. कुणाच्या पाठीवर वळ दिसले, कुणाचं लपवलेलं पोट दिसलं, कुणाच्या अंगावर कधीच कुणाला न दाखवलेली जखम दिसली. घरी आल्यावर शमशेर विचारायचा, काय झालं होतं गं तिला? ती म्हणायची, मेली ती, आणखी काय. वस्तीतल्या बायकांना हे ठाऊक होतं, आणि म्हणून त्यांचा तिच्यावर भरवसा होता. आपण जाऊ तेव्हा आपल्याला जरिना बघेल, दुसरं कुणी नाही. मात्र त्याच कारणानं लग्नाच्या मेंदीला किंवा बाळाच्या छठीला तिला कुणी मनापासून बोलावत नसे. निरोप यायचा, पण उशिरा. ती समजून घ्यायची आणि जायची नाही. कोरोनाच्या दिवसांत तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. बायका तशाच गुंडाळून नेल्या गेल्या. त्या दिवसांबद्दल ती अजूनही बोलत नाही.

वस्तीत विद्यापीठाची माणसं आली ती त्यानंतर काही वर्षांनी.

तसं या वस्तीला पाहणीवाल्यांचं नवल नव्हतं. कुणी पाण्याचं विचारून जाई, कुणी संडासाचं, कुणी पोरांच्या शाळेचं. विचारून गेलेला माणूस पुन्हा दिसत नसे. म्हणून शिवांजली नावाची तरुण प्राध्यापिका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये बायकांना जमवून बसली, तेव्हा वस्तीतली फटकळ अर्फा पहिल्यालाच म्हणाली, "मॅडम, आमची माहिती न्हेऊन न्हेऊन तुमच्या गाड्या थकल्या. आमची गटार हाय तिथंच हाय."

बायका हसल्या. शिवांजलीही हसली. "या वेळी मी काही विचारायला आले नाही," ती म्हणाली. "काय विचारायचं ते तुम्ही ठरवा. शोधायचं तेही तुम्हीच. आम्ही बरोबर राहू. लागेल ते शिकवू, आणि तुमच्याकडून शिकू. सहभागी संशोधन म्हणतात याला."

"मग पदवीबी आमालाच द्या की!" अर्फा म्हणाली.

पहिल्या दोन-तीन बैठकांत काही ठरेना. कुणी गटार म्हणे, कुणी दारू, कुणी रात्रपाळी. जरिना मागे खांबाला टेकून बसायची. ती ऐकायला यायची, बोलायला नाही. मग एका बैठकीत मुबश्शिरा बोलली. मुबश्शिरा शिवणकाम करणारी, दानिशची बायको. कमी बोलणारी म्हणून तिचा आवाज सगळ्यांना वेगळा वाटला.

"आपल्यातल्या बायका अशा अचानक का जात्यात? काल स्वयंपाक करत असती, आन आज न्हाई. माझी अम्मी तशीच गेली. मला ते शोधायचंय."

प्रत्येकीच्या घरातली कुणी ना कुणी अशी 'अचानक' गेलेली होती. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "त्यात शोधायचं काय? जरिनाला इचारा. तिनं समद्यास्नी बघितलंय."

सगळ्या माना वळल्या. जरिनानं ओढणी सावरली आणि ती उठून, चपला पायात अडकवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिवांजली तिच्या घरी आली. शमशेर बाहेर खाटेवर बसला होता. तो आत ओरडला, "अगं, विद्यापीठ आलंय!" आणि स्वतःच खुश झाला.

जरिनानं चहा ठेवला. "तुमी कुठल्या?" तिनं विचारलं.

"औंधची. आमचं घर मूळपीठाच्या डोंगराखाली आहे. ऊस आहे घरी. वडील फौजेत होते."

"आगं माझं माहेर तिथनं जवळच. माझे अब्बा यमाईच्या जत्रंत भांड्यास्नी कल्हई करायला बसायचे. आमी पोरी भाता वढायचो." जरिनाचा चेहरा जरा सैल झाला. माहेरचं नाव निघालं की बाईमाणसाचं तसंच होतं. ती आपसूक 'तुमी'वरून 'तू'वर आली. "कुणाची गं तू?"

बराच वेळ त्या औंधचंच बोलल्या. मग शिवांजली चाचरत म्हणाली, "चाची, नावं नका सांगू. कोण ते मला नको. फक्त काय काय दिसलं, एवढं जरी कळलं, तरी पुढच्या बायकांसाठी..."

जरिनानं चहाचा कप खाली ठेवला.

"हिकडं बघ पोरी. तुझ्या कागदावर नाव नसंल. पर वस्ती केवढी? मी म्हणलं अमकं दुखणं, की समद्यास्नी कळंल ती कोण. आन ते जाऊ दे. आज जी जिती हाय तिला उद्या माझ्याच हातात यायचंय. तिला वाटंल, ही माझं बी शेडमध्ये बसून सांगंल. मग ती कुणाच्या भरवशावर मरंल?"

शिवांजलीजवळ तिच्या शिक्षणानं दिलेलं एक उत्तर होतं, पण ते तिला त्या स्वयंपाकघरात काढवेना. "माझं चुकलं, चाची," ती म्हणाली. "हे मी विचारायला नको होतं."

पुढच्या बैठकीत तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं, जरिनाला मध्ये न आणता. आपण शोधणार, तर काय शोधायचं नाही तेही आपणच ठरवायला हवं, असं ती म्हणाली. बायका बोलल्या, भांडल्या. शेवटी ठरलं की गेलेल्या बायकांबद्दल कुणाला काही विचारायचं नाही. जित्या बायका आपली दुखणी का लपवतात, तेवढंच बघायचं. अर्फा म्हणाली, "ते तर मी बसल्या जागेवर सांगते. दाखवायचं कुणाला, डॉक्टर गडी असतो. आन दवाखान्यात दिवस गेला की कामाचा खाडा." पण एकटीनं सांगून भागणार नव्हतं. घरोघर जाऊन विचारायचं ठरलं.

मुबश्शिरा मात्र त्या निर्णयानं गप्प बसली नाही. बैठक सुटल्यावर तिनं जरिनाला नळाजवळ गाठलं.

"चाची, शेडमधलं राहू दे. माझ्या अम्मीला काय झालं होतं?"

मुबश्शिराची अम्मी, हलिमाबी, गेली तेव्हा मुबश्शिरा ओली बाळंतीण होती. तिला मयताजवळ येऊ दिलं नव्हतं. आईचा चेहरा तिनं दुरून पाहिला, तेवढाच. जरिनानं चादरीखालून हात फिरवला होता तेव्हा हलिमाबीच्या छातीवर पातळाची एक पट्टी आवळून बांधलेली होती. ती तिनं सोडली, आतली चिघळलेली गाठ धुतली, आणि नव्या कापडानं झाकलं. मरण्याआधी हलिमाबीनं तिचा हात धरून म्हटलं होतं, "तू हायस जरिना, म्हणून मला भ्या न्हाई."

"अल्लाची मर्जी होती, बेटी," जरिना म्हणाली.

"मर्जी न्हाई इचारली. दुखणं इचारलं."

मुबश्शिरा वळून गेली. भरलेली घागर तिनं उजव्या हातानं उचलली, डावा हात अंगाशी घट्ट धरून. शिवणयंत्रावर बसलेली असतानाही ती तो हात तसाच धरते, हे जरिनानं मागच्या कित्येक दिवसांत पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि मन मानत नव्हतं. आता मानलं.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. सांगावं, तर हलिमाबीचा भरवसा मोडतो. न सांगावं, तर तिचीच पोर त्याच वाटेनं जाते. आणि मग एके दिवशी तख्त येईल, पाणी तापेल, आणि तोच हात पुन्हा चादरीखाली जाईल. मौलानांना विचारावं म्हणून ती मशिदीपर्यंत गेली. दाराशी उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की असं विचारणं म्हणजे अर्धं सांगणंच आहे. तशीच परत आली.

विद्यापीठानं मिरजेहून सोनिया नावाची नर्स आणली होती, घरोघर जाणाऱ्या बायकांना शिकवायला. सोनियानं मऊ कापसाची छाती शिवून आणली होती. त्यात कुठे हरभरा, कुठे चिंचोका दडवलेला. बायका आधी लाजल्या, मग एकमेकींना ढोसू लागल्या. "चाचपा, चाचपा," सोनिया म्हणायची, "गाठ लागली की सांगा. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण दाखवल्याशिवाय कळत नाही. आणि लवकर दाखवली तर बाई वाचते."

जरिनाचा नंबर शेवटी आला. तिची बोटं त्या चिंचोक्यावर गेली आणि तिथेच थांबली. तिनं डोळे मिटले. तोवर तिच्या हाताला अशी गाठ लागायची तेव्हा उशीर होऊन गेलेला असायचा. लवकर म्हणजे काय, हे त्या बोटांना माहीतच नव्हतं.

"मी जाते घरोघर," ती म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अर्फाच अखेर बोलली, पण तिच्या आवाजात नेहमीचा फटकळपणा नव्हता. "चाची, तुमी नका. तुमी दारात आलात की... तुमास्नी ठावं हाय."

जरिनाला ठावं होतं. तरी ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुबश्शिराच्या दारात उभी राहिली, नेहमीसारखी पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन. ती दुसऱ्या रंगाची ओढणी घेतच नसे, आणि घ्यावी हे तिला सुचलंही नाही. सवयीनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. मुबश्शिरा बाजारात गेली होती. आत तिची सासू तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. दारात जरिना, दारात तिच्या चपला. आणि दानिश नुकताच मोटारसायकलवरून मिरजेच्या रस्त्याला लागलेला.

"या अल्ला! माझा दानिश!" म्हातारीनं सूप फेकलं आणि ती छाती बडवायला लागली.

"आगं न्हाई गं, कुणाला काय झालं न्हाई..." जरिना म्हणत होती, पण कोण ऐकतो. गल्ली गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी कलमा म्हणू लागलं. जरिना गड्यांच्या अंगाला कधी हात लावत नाही, गड्यांचं गुसल गडीच देतात, हेही त्या गोंधळात कुणाला आठवलं नाही. कुणीतरी दानिशला फोन लावला, आणि स्पीकरवर दानिशचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आई, मी जिता हाय! चहा पितोय हितं! काय झालंय काय तुमास्नी?"

लोक हसले, पण जरिनाकडे कुणी पाहिलं नाही. चपला घालतानाही ते हसू जरिनाच्या कानात होतं. म्हातारी पाठीमागून म्हणाली, "असं नगं येत जाऊस बाई. बोलावल्याबिगर नगं येत जाऊस."

घरी शमशेरला आधीच कळलेलं होतं. "काय म्हणत्यात आज समदे? जरिना आता आगाऊ मापं घेत फिरती व्हय?" त्यानं थट्टा केली. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा तो उठला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. आयुष्यभर लेथवर काम केल्यानं त्याला ऐकायला कमी येतं. म्हणून तो काही विचारत नाही, नुसता बसतो. तसा बसला.

संध्याकाळ व्हायच्या आत मुबश्शिरा आली. सासूच्या वतीनं माफी मागायला, असं तिनं दारातच सांगितलं. मग आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. शमशेर ओळखून बाहेर गेला.

"तुमी कशाला आलता, चाची?"

जरिनानं मनात कितीदा घोळवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "तुझ्या अम्मीचं मी तुला सांगणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, मरताना बी न्हाई. ते माझं न्हाई, तिचं हाय. पर तुझं मला आता बघू दे. मागनं बघण्यापरीस आता बघू दे."

मुबश्शिरा तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं जाऊन दाराला कडी लावली.

जरिनानं पाणी कोमट केलं आणि हात धुतले, ती नेहमी धुई तसे. मुबश्शिरा खाटेवर आडवी झाली. जरिनानं तिच्या अंगावर चादर घातली आणि चादरीखालून हात नेला. दोन्ही हात तेच होते, चादरही तशीच होती. फरक एवढाच की खालचं अंग गरम होतं आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. सोनियानं सांगितलं होतं तशी बोटं गोल गोल फिरत गेली, आणि डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, थांबली.

"हाय?" मुबश्शिरानं छताकडे बघत विचारलं.

"हाय."

"अम्मीला बी..."

"मी काय बोलले का?"

"न्हाई."

"मग?"

"तुमी काय न्हाई बोललात, चाची," मुबश्शिरा म्हणाली, आणि तोंडावर चादर ओढून रडू लागली. जरिना तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मिरजेच्या दवाखान्यात सोनियानं सगळी सोय केली. डॉक्टर बाईच होती. तपासण्या झाल्या, दुखणं तेच निघालं, पण अजून हाताबाहेर गेलेलं नव्हतं. ऑपरेशन झालं. मग औषधं सुरू झाली, मुबश्शिराचे केस गेले. दानिश पाळ्या बदलून तिला न्यायचा. सासूनं आधी खूप आरडाओरड केली, आणि मग तीच सुनेच्या डोक्याला तेल लावत बसायची, केस नसलेल्या डोक्याला.

मुबश्शिरानं वस्तीत कुणाला काय सांगितलं ते माहीत नाही. पण त्यानंतर बायका जरिनाकडे येऊ लागल्या. एकेकटी, पदराआड. बहुतेकींचं काही नसायचं. काहींचं निघालं ते साधंच निघालं. एकीनं गाठ असूनही दवाखान्यात जायला नकार दिला, जरिनानं हात जोडले तरी. ती पावसाळ्याच्या शेवटी गेली. बोलावणं आलं, तख्त आलं, आणि जरिनानं तिला आंघोळ घातली. बाहेर आल्यावर हात धुऊन ती घरी गेली. काही बोलली नाही.

विद्यापीठाचा अहवाल झाला तेव्हा शिवांजलीनं तो आधी शेडमध्ये वाचला, मग वर पाठवला. हे आधीच ठरलेलं होतं. वाचताना 'अज्ञानामुळे महिला आजार लपवतात' असं एक वाक्य आलं, तेव्हा बायकांनी तिला तिथेच थांबवलं. बराच वाद झाला. वाक्य बदललं गेलं, आणि ते कसं बदलावं यावर पुन्हा वाद झाला. एक प्रकरण मात्र अहवालात नव्हतंच. वस्तीतले मृत्यू कशानं झाले, त्याचं. शिवांजलीच्या वरिष्ठांनी विचारलं, हे का नाही? मोठं काम अर्धं सोडलंत. तिनं अहवालात एवढंच लिहिलं की हे न शोधण्याचं वस्तीतल्या बायकांनी ठरवलं आणि आम्ही ते मान्य केलं. तिला त्याबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं, असं सोनियाकडून कळलं. ती स्वतः काही बोलली नाही.

पुढे एकदा शिवांजली औंधला जाता जाता जरिनाकडे थांबली होती. जरिनानं तिला विचारलं, "पोरी, तू शिकलेली. मला एक सांग. मी हलिमाबीचं काय बोलले न्हाई. पर मुबश्शिराला कळलंच की. मग मी सांगितलं, का न्हाई सांगितलं?"

शिवांजलीनं खूप विचार केला. "मला नाही माहीत, चाची."

"मला बी न्हाई," जरिना म्हणाली. तो प्रश्न तिच्या मनात अजून आहे. रात्री नमाज झाल्यावर ती हलिमाबीसाठी वेगळी दुआ मागते, ती त्याचसाठी असावी.

मुबश्शिराचे केस आता पुन्हा आलेत, आखूड आणि कुरळे. यंत्रावर ती पुन्हा बसते, थोडा वेळ. परवा जरिना तिच्याकडे गेली होती. ओढणी पांढरीच होती. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि आत जाऊन बसली. म्हातारीनं स्वतः चहा टाकला. तेवढ्यात वस्तीत नव्यानं राहायला आलेली एक बाई दारावरून चालली होती. तिला वस्तीनं काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. चपला पाहून ती थबकली आणि तिनं दबक्या आवाजात आत विचारलं, "आवं, कोण गेलं?"

आतून मुबश्शिराचा आवाज आला, "कोण न्हाई गेलं बाई. चहा पितोय. या, तुमीबी या."

बाई जरा घुटमळली. मग तिनं आपल्या चपला जरिनाच्या चपलांशेजारी काढल्या.